मोटवानी बाईंची हिरवी सावली

मोटवानी बाईंचा विषय निघाला की मी चहा मागवतो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, लग्नाच्या पंगतीत, स्टेशनबाहेरच्या बाकावर, कुठेही. "सर, त्या चित्रकलेच्या मोटवानी बाई..." एवढं कानावर पडलं की मी म्हणतो, "अरे, चहा घेऊ या का?" चहा येईपर्यंत विषय बदललेला असतो. कित्येक वर्षं मी असा भरपूर चहा प्यालो. आता डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, आणि गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर सरळच विचारलं, "सर, बाईंनी त्या प्रदर्शनात खरंच हिरवा दिवा लपवला होता का हो?" फोनवर चहा मागवता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमची शाळा अंबरनाथ पूर्वेला. मी विज्ञान शिकवायचो, बाई चित्रकला. बाई राहायच्या उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. वडिलांचा लग्नाच्या रोषणाईचा धंदा होता. घरात खाट कमी आणि बल्बच्या माळा जास्त. लहानपणी ताप आला की वडील उशाशी निळा दिवा लावायचे, त्याने ताप थंड वाटतो म्हणून. "ताप तेवढाच राहायचा सर," बाई सांगायच्या, "पण मी थंड पडायचे. तेव्हाच मला कळलं, ही लाइट मोठी लबाड चीज आहे."

त्यांच्या पर्समध्ये लिपस्टिक, कंगवा असलं काही नसे. जिलेटीनचे रंगीत कागद असत, दिव्यांवर चढवतात ते. चौकोनी कापून, रबर लावून ठेवलेले. कुठेही बोलता बोलता एक कागद काढायचा, डोळ्यापुढे धरायचा आणि समोरच्या माणसाकडे बघायचं. आमचे मुख्याध्यापक त्यामुळे फार अस्वस्थ व्हायचे. "बाई, काय बघताय?" "काही नाही सर, तुमचा शर्ट. मघाशी होता, आता गेला." मुख्याध्यापक नकळत शर्टाची बटणं चाचपायचे.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे जिवावरचं काम. भाजीवाले लाल ताडपत्री बांधतात, तिच्याखाली कच्चा टोमॅटोसुद्धा पिकलेला दिसतो. बाई टोमॅटो उचलायच्या, ताडपत्रीबाहेर येऊन उन्हात धरायच्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायच्या, "भैया, लाल कौन है, टमाटर या तेरी ताडपत्री?" भैया हात जोडायचा, "मॅडम, आप आधा किलो ऐसेच ले जाओ, पर जाओ." साडीच्या दुकानात तर त्या साडी घेऊन थेट रस्त्यावर. दुकानदार ओळखीचा, सिंधीच. तो गल्ल्यावरून ओरडायचा, "अदी, दुकान अंदर है!" अदी म्हणजे ताई. बाई बाहेरून उत्तर द्यायच्या, "दुकान अंदर है, पर साडी तो बाहर पहननी है ना!"

शाळेत येताना त्या वालधुनीच्या पुलावर थांबायच्या. नदीचं पाणी त्या काळात कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे रोज वेगळ्या रंगाचं यायचं. स्टाफरूममध्ये शिरता शिरता बातमी द्यायच्या, "आज नदीने मोरपंखी नेसलंय." कधी जांभळं, कधी विटकरी. त्यात कौतुकही असायचं आणि रागही. "देखणी दिसते मेली," म्हणायच्या, "आणि आतून मरते."

मी मान डोलवायचो. मोरपंखी म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. आजही नाही.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. मला लाल आणि हिरवा वेगळे कळत नाहीत. जन्मापासून. दोन्ही मातकट, पिवळसर, एकमेकांचे सख्खे भाऊ. निळा आणि पिवळा छान दिसतात. हे मी नोकरीला लागताना कुणाला सांगितलं नाही, लग्न ठरताना तर नाहीच. बायकोची समजूत होती, मला कपड्यांची आवड नाही. आणि असा मी वर्गात उभा राहून 'तानापिहिनिपाजा' घोकून घ्यायचो. इंद्रधनुष्याचे सात रंग मी पाढ्यासारखे पाठ केले होते.

प्रयोगशाळेत माझी एक युक्ती होती. नळीतल्या द्रावणाचा रंग बदलला की मी मुलांकडे वळायचो. "मी सांगणार नाही. निरीक्षण तुम्ही करा. काय दिसतंय?" मुलं ओरडायची, "गुलाबी!" मी म्हणायचो, "शाब्बास!" तपासणीला आलेल्या साहेबांनी यावर खूश होऊन शेरा दिला होता की हे शिक्षक मुलांना स्वतः विचार करायला लावतात. त्या शेऱ्याच्या जोरावर पुढे पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव निघालं.

तर एकदा मधल्या सुट्टीत बाईंनी स्टाफरूमच्या खिडक्या लावल्या. टेबलावर दोन टॉर्च ठेवले. एकावर लाल जिलेटीन, दुसरा तसाच, पांढरा. दोन्हींचा उजेड भिंतीवर एकाच जागी पाडला आणि मध्ये पेन्सिल उभी धरली. भिंतीवर दोन सावल्या पडल्या.

"एक लाल आहे," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "आणि दुसरी... अय्या, हिरवी!"

"हिरवी कुठून आली? हिरवा टॉर्च कुठाय?" पी. टी.चे सर टेबलाखाली वाकले. शिपाई शिंदेमामांनी तर बाईंची पर्स उचलून हलवून बघितली.

"हिरवा टॉर्च नाहीच," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा अशा वेळी लहान मुलीसारखा व्हायचा. "त्या सावलीत लाल पोचत नाही, फक्त पांढरा उजेड पोचतो. म्हणजे ती खरं तर साधी करडी आहे. पण आजूबाजूला सगळं लालसर. मग आपले डोळे म्हणतात, बाकीचं लाल आहे ना, मग ही त्याच्या उलट असणार. आणि हिरवं भरतात. मी अर्धं चित्र काढते, अर्धं तुम्ही काढता. फुकट!"

सगळे वा वा करत होते. आपणही काहीतरी करावं म्हणून मी पुढे झालो, बोट ठेवलं आणि म्हणालो, "काय सुंदर हिरवी आहे!"

बोट लाल सावलीवर होतं.

भूगोलाच्या बाई माझ्या बोटाकडे बघू लागल्या. मग बाई हसल्या. "सर पण ना! सगळ्यांची मस्करी करतात." आणि टॉर्च बंद केले. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना घरी दाल-पकवान खायला बोलावलं. रविवारी सकाळी सिंध्यांच्या घरात हा बेत ठरलेला. आधी रिवाजाप्रमाणे पापड आणि पाणी आलं. मग बाईंनी पडदे ओढले आणि हिरवा बल्ब लावला. कुरकुरीत पकवान, वर डाळ, कांदा, चटणी. भूगोलाच्या बाईंनी ताटाकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला. पी. टी.चे सर म्हणाले, "माझा आज उपास आहे." पकवानं म्हणे बुरशी चढल्यासारखी दिसत होती. मला ती रोजच्यासारखीच दिसली. मी मजेत खात होतो, आणखी एक मागून घेतलं. मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघत होते. बाई सोडून. बाईंनी घाईघाईने साधा दिवा लावला.

हात धुवायला गेलो तेव्हा त्या टॉवेल घेऊन मागे आल्या. हळूच म्हणाल्या, "सर, लाल-हिरवा?"

मी टॉवेल तोंडावर धरून उभा राहिलो.

"कोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला."

"बस. मग कोणालाच नाही."

दुसऱ्या दिवशीपासून माझ्या वर्गातल्या खडूंच्या डब्यात रंगीत खडू एका ठरावीक क्रमाने लावलेले असायचे. डावीकडून तांबडा. ते कोण लावतं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भर बाजारात टोमॅटोचा रंग काढणाऱ्या एवढ्या बोलक्या बाई, पण याबद्दल एक अक्षर नाही. फक्त कधीतरी स्टाफरूममध्ये जाता जाता म्हणायच्या, "सर, आज दोन्ही मोजे एकाच घरचे आहेत. अभिनंदन."

त्यांना एक खोली हवी होती. शाळेच्या जिन्याखाली मोडक्या बाकांची एक अडगळ होती, खिडकी नसलेली. कुणाला नको ती खोली बाईंना राजवाडा वाटायची. "खिडकी नाही म्हणजे उजेड मी म्हणेन तो!" तिथे पांढऱ्या भिंती करायच्या, दिवे टांगायचे, आणि मुलांनी कागद-रंगाशिवाय, नुसत्या उजेडाने चित्रं काढायची. नाचून, हात हलवून, सावल्यांची. रंगपेटी नसलेली मुलं त्यांच्या वर्गात बरीच होती. मुख्याध्यापकांच्या त्या मागे लागल्या. शेवटी ते म्हणाले, "उल्हासनगरला शाळांचं प्रदर्शन आहे. तिथे तुमचा हा प्रकार निवडला गेला, तर खोली तुमची."

मग काय! बाईंनी पांढरी चादर ताणली, घरून वडिलांचे दोन मोठे दिवे आणले. एक पांढरा, एक लाल. दिव्यांसमोर मुली फुगड्या घालायच्या आणि चादरीवर लाल मुली आणि हिरव्या मुली एकमेकींत मिसळून गरगरायच्या. शेजारी पाटी: 'इथे हिरवा दिवा नाही. हिरवा तुम्ही घेऊन आला आहात.' प्रदर्शनात लोकांनी तिथेच गर्दी केली. शेजारच्या शाळेच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रासमोर कुणी थांबेना.

परीक्षक आले. वयस्कर, शिस्तीचे गृहस्थ. हिरव्या सावल्या बघून आधी खूश झाले. मग पाटी वाचली आणि हिरवा दिवा शोधू लागले. खोक्यामागे, चादरीमागे, स्टुलाखाली. सापडेना, तसे चिडत गेले. शेवटी त्यांनी हातातल्या कागदाची नळी केली, एका डोळ्याला लावली आणि हिरव्या सावलीवर रोखली.

"अहो, ही तर करडी आहे!"

"हां, तेच तर!" बाई आनंदाने टाळी वाजवून म्हणाल्या. "नळीतून आजूबाजूचं लाल दिसत नाही ना, म्हणून—"

परीक्षकांनी नळी खाली केली. सावली पुन्हा हिरवी. नळी लावली, करडी. खाली केली, हिरवी.

"म्हणजे मी नळी लावली की तुम्ही दिवा बंद करता," ते म्हणाले. "आणि काढली की चालू. बटण कुणाकडे आहे?"

बाई हसल्या. तिथेच चुकलं. त्यांना वाटलं, हा माणूस मस्करी करतोय. परीक्षकांना वाटलं, ही बाई आपल्याला हसतेय. आवाज चढला. मुली फुगडी सोडून उभ्या राहिल्या. आणि परीक्षक आमच्या मुख्याध्यापकांकडे वळले, "तुमच्याकडे विज्ञानाचे शिक्षक असतील ना कुणी?"

मी तिथेच होतो, मुख्याध्यापकांच्या खांद्यामागे.

"सर, तुम्ही सांगा. हिरव्या दिव्याशिवाय अशी हिरवी सावली पडलेली तुम्ही स्वतः पाहिली आहे?"

मला सगळं माहीत होतं. का होतं, कसं होतं, बाईंनी दहादा समजावलं होतं. पण मी 'हो' म्हटलं असतं तर हा माणूस पुढे विचारणार होता, "दाखवा कुठली." मघापासून प्रत्येक शाळेच्या मांडणीपाशी तो शिक्षकांना बोट ठेवून दाखवायला लावत होता. समोर दोनच सावल्या फिरत होत्या, दोन्ही मला मातकट. मागच्या वेळी मी चुकीच्या सावलीवर बोट ठेवलं होतं. आणि शेजारी मुख्याध्यापक उभे होते, खिशात माझ्या पर्यवेक्षकपदाची शिफारस घेऊन.

"नाही," मी म्हणालो. "मी स्वतः अशी हिरवी सावली कधी पाहिलेली नाही."

शब्दाला शब्द खरं होतं ते. आयुष्यात एवढं खरं बोलून एवढं खोटं मी कधी बोललो नाही.

"घ्या! तुमच्याच शाळेचे विज्ञानाचे सर सांगताहेत," परीक्षक म्हणाले. एक मुलगी रडवेली होऊन ओरडली, "सर, दिसतेय की! ती बघा ना!" मी तिच्याकडे बघितलं नाही.

बाईंकडे मात्र बघितलं. एका वाक्यात त्या सुटल्या असत्या. 'सरांना रंग कळत नाहीत, त्यांना काय विचारता?' एवढंच. ते वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलेलं मला दिसलं, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यांनी ओठ मिटले आणि दिवे बंद केले. "चला मुलींनो, वडापाव खाऊ या," म्हणाल्या.

खोली मिळाली नाही. बाईंनी हिरवा दिवा लपवला होता, हे मात्र सगळ्या शाळांत पोचलं. सहकारी चेष्टा करायचे, "बाई, बटण कुठाय?" त्याही हसून पर्स उघडून दाखवायच्या. प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी मी वर्गात गेलो, खडूंचा डबा उघडला. डावीकडून तांबडा. सगळे आपापल्या जागी. बाईंनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने जगलो असतो.

मी पर्यवेक्षक झालो. त्या अडगळीच्या खोलीची किल्ली आता माझ्याच टेबलाच्या खणात होती. देऊ शकलो असतो. पण खोली दिली तर कुणी कारण विचारेल, कारण सांगितलं तर पुढचं सांगावं लागेल, असं म्हणत मी खण बंद ठेवला. एकदा मिठाईचा पुडा घेऊन त्यांच्या घरीही गेलो, सगळं सांगायचंच असं ठरवून. पापड आणि पाणी आलं. मी दोन तास बसलो आणि इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर बोलून परत आलो.

निवृत्तीनंतर मी बदलापूरला राहायला आलो. बाईही भाचीकडे तिथेच आल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. आमच्या संकुलाच्या गणपतीत नोटीस लागली: 'सभागृहात संध्याकाळी या. आपली सावली रंगवून न्या.' नोटीस वाचताच मी ओळखलं. जाऊ नये असं वाटलं. बायको म्हणाली, "चला की, रोज तर टीव्हीसमोर बसता."

आत मुलांचा नुसता दंगा होता. बाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. केस पांढरे, गुडघे गेलेले, आवाज तोच. एका भिंतीसमोर लाल आणि पांढरा असे दोन दिवे होते, तिथे मुलं हिरव्या सावल्यांची माकडं करत होती. बाईंनी मला बघितलं. जराही दचकल्या नाहीत, जणू कालच शाळा सुटली होती.

"सर, ती लाइन नाही. तुमची इकडे," म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या भिंतीकडे बोट केलं.

तिथेही दोन दिवे होते. एक पांढरा, एक निळा. मी मध्ये उभा राहिलो. भिंतीवर माझ्या दोन सावल्या पडल्या. एक निळी. दुसरी पिवळी. स्वच्छ, लख्ख, लिंबासारखी पिवळी.

मी वळून पिवळा दिवा शोधला. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाने टेबलाखाली वाकून बघितलं! पिवळा दिवा नव्हताच. खिशात दुधाचं बिल होतं, त्याची नळी केली आणि डोळ्याला लावली. करडी. काढली. पिवळी. लावली, काढली, लावली, काढली. स्टाफरूममध्ये त्या दिवशी सगळे का ओरडले होते ते मला आत्ता, सत्तरी ओलांडल्यावर कळत होतं. हात वर केला, पिवळ्या सावलीनेही केला. बायको म्हणाली, "अहो, लोक बघताहेत."

ती भिंत त्यांनी कुणासाठी मांडली होती? लहान मुलं तिकडे फिरकतही नव्हती. मी त्या इमारतीत राहतो हे त्यांना कुणी सांगितलं होतं, की अशी एक भिंत त्या प्रत्येक ठिकाणी मांडत होत्या, मी कधीतरी येईन म्हणून? विचारलं नाही.

मी स्टुलापाशी गेलो. "बाई, त्या दिवशी प्रदर्शनात—"

"पिवळी दिसली का?"

"दिसली."

"लिंबासारखी की हळदीसारखी?"

"लिंबासारखी."

"वा!" त्यांनी टाळी वाजवली. अगदी तशीच. तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, लाल दिवा आडवा झाला, एक पोर रडायला लागलं आणि बाई काठी टेकत तिकडे धावल्या. मी थांबलो. शेवटी हॉल रिकामा झाला. त्या वायर कोपरावर गुंडाळत होत्या, लग्नाच्या मांडवातले कामगार गुंडाळतात तशी, सराईतपणे. भाची रिक्षा घेऊन दारात उभी होती. मी दोन पावलं पुढे गेलो. बाईंनी मान वर करून माझ्या पायांकडे बघितलं.

"सर, मोजे!" म्हणाल्या, आणि हसत रिक्षात बसल्या.

त्या दिवशी त्यांनी नेसलेल्या साडीचा रंग मला सांगता येणार नाही. पुढच्या गणपतीच्या आधीच बाई गेल्या. मला दूधवाल्याकडून कळलं.

त्या विद्यार्थ्याला मी फोनवर उत्तर दिलं नव्हतं. ते आता देतो: बाईंनी काही लपवलं नव्हतं. आणि जे बाईंना रिक्षाच्या दारात, किंवा पापड-पाण्यासमोर, किंवा त्या चादरीपुढे सगळ्यांदेखत म्हणायला हवं होतं, ते असं:

बाई, सावली हिरवीच होती. ती फक्त मला दिसत नव्हती. माझं चुकलं.